पायरी आणि पान : उच्च शिक्षणाच्या दारातील दोन अडथळ्यांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली याच शाळेत मी इतिहास शिकलो. सनावळी पाठ करून घेण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. परंतु दरबारात कोण बसले होते हे सांगून झाले की दाराबाहेर कोण ताटकळत उभे होते, हा प्रश्नही ते हटकून विचारीत. आजचा विषय त्या प्रश्नातूनच आलेला आहे. विद्यापीठांचा आणि ग्रंथालयांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या दारापर्यंत येऊन परत फिरलेल्या अपंग विद्यार्थ्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

हा विषय निवडण्यास एक खाजगी कारणही आहे. १९७४ साली मी वडोदऱ्याबाहेरच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गात शिकत होतो. माझा एक वर्गमित्र लहानपणी पोलिओ झाल्यामुळे दोन्ही पायांना कॅलिपर लावून कुबड्यांवर चालत असे. ग्रंथालयाची अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर होती आणि संदर्भग्रंथ अभ्यासिकेबाहेर नेण्यास मनाई होती. पहिले काही दिवस आम्ही मित्रांनी त्याला उचलून वर नेले. पुढे त्यानेच नको म्हटले. तो खाली जिन्याजवळच्या बाकावर बसून राही आणि आम्ही वर उतरवून घेतलेली टिपणे त्याला आणून देत असू. दुसऱ्या वर्षी तो आला नाही. आमच्या वर्गातला सर्वांत जाणता वाचक तोच होता. आम्ही त्याच्यासाठी धावपळ पुष्कळ केली. पण तळमजल्यावर एक टेबल मांडावे आणि मागितलेला ग्रंथ तेथे आणून द्यावा, असा दोन ओळींचा अर्ज ग्रंथपालांकडे करावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. त्याचे पाय आम्हांला दिसत होते, जिना दिसत नव्हता.

आरंभी शब्दांविषयी थोडे. आपल्या पिढीने 'अपंग' आणि 'विकलांग' हे शब्द वापरले; गेल्या काही वर्षांत सरकारी व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मी तिन्हींविषयी वाद घालणार नाही. जुन्या काळाविषयी बोलताना जुना शब्द येईल, त्यात अनादर नाही. शब्द बदलल्याने जिना उतरत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवू.

उच्च शिक्षणाच्या वाटेवर अपंग विद्यार्थ्याला प्रामुख्याने दोन गोष्टींनी अडविले. एक पायरी, म्हणजे इमारत. आणि दुसरे पान, म्हणजे पुस्तक. या दोहोंचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी गेला आहे. तो क्रमाने पाहू.

१. अपवाद ठरलेले विद्वान

या इतिहासाची सुरुवात बहुधा एकेकट्या असामान्य व्यक्तींपासून केली जाते. निकोलस सॉन्डर्सन हे पहिले नाव. १६८२ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या मुलाची दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षी देवीच्या साथीत गेली. १७०७ मध्ये तो केंब्रिजला आला, क्राइस्ट्स कॉलेजात राहिला, ग्रंथांचा उपयोग करू लागला आणि न्यूटनच्या सिद्धांतांवर व्याख्याने देऊ लागला. परंतु विद्यार्थी म्हणून त्याचे नाव पटावर कधीच चढले नाही. १७११ मध्ये राणी ॲनच्या आज्ञेने त्याला पदवी मिळाली आणि त्याच वर्षी, एकेकाळी न्यूटनने भूषविलेले गणिताचे ल्यूकेशियन प्राध्यापकपदही मिळाले. आकडेमोडीसाठी त्याने भोके पाडलेली एक पाटी तयार केली होती. भोकांत लहानमोठ्या टाचण्या खोवून तो बोटांनी गणित वाचत असे. ज्या विद्यापीठाने त्याला विद्यार्थी म्हणून घेतले नाही, त्यानेच त्याला प्राध्यापक केले.

दुसरे उदाहरण हेलन केलर यांचे. १९०० मध्ये त्या रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाल्या आणि १९०४ मध्ये सन्मानाने पदवीधर झाल्या. वर्गातले व्याख्यान ॲन सलिव्हन त्यांच्या तळहातावर अक्षराअक्षराने उमटवीत. लागणाऱ्या पुस्तकांपैकी फारच थोडी उठावाच्या लिपीत उपलब्ध होती. बाकीची सर्व हातावर वाचून घ्यावी लागत. १८९९ च्या प्रवेश परीक्षेतील प्रसंग विशेष बोलका आहे. बीजगणिताची प्रश्नपत्रिका ज्या पद्धतीच्या ब्रेलमध्ये तयार झाली होती, तिच्यातील गणिती खुणा त्यांना नीट परिचित नव्हत्या. परीक्षा बीजगणिताची होती; अडचण लिपीची झाली.

तिसरे नाव इजिप्तचे ताहा हुसेन यांचे. बालपणीच दृष्टी गेलेला हा खेड्यातला मुलगा कैरोच्या अल्-अझहरमध्ये पाठांतराने शिकला आणि पुढे नव्याने स्थापन झालेल्या इजिप्शियन विद्यापीठातून १९१४ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता अंध कवी अबुल अला अल्-मअर्री. फ्रान्समध्ये शिकताना सुझान नावाची तरुणी त्यांना पुस्तके वाचून दाखवी. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या. १९५० मध्ये हेच गृहस्थ इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले आणि शिक्षण पाण्याहवेसारखे सर्वांना मोकळे असावे, असा आग्रह त्यांनी धरला.

ही चरित्रे स्फूर्तिदायक आहेत, यात शंका नाही. परंतु तिन्ही उदाहरणांत समोर वाचून दाखविणारे, हात धरणारे, सांगून लिहून घेणारे कोणी तरी एक माणूस उभे आहे. ते माणूस ज्याच्या नशिबी नव्हते, त्याचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. असामान्य बुद्धी आणि असामान्य भाग्य यांचा योग जुळला तरच शिक्षण मिळावे, ही व्यवस्था नव्हे. माझ्या मित्राला अशा चरित्रांचा काही उपयोग झाला नसता. त्याला एक टेबल हवे होते.

२. पान

पुस्तकाचा अडथळा दूर करण्याचा पहिला संघटित प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. व्हॅलेंटिन हॉय यांनी १७८५ च्या सुमारास अंध मुलांसाठी शाळा काढली आणि नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठावाने छापून पुस्तके तयार केली. ही अक्षरे डोळस माणसाला ओळखू येत. बोटांना मात्र ती वाचायला फार अवघड जात, आणि लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते. म्हणजे सोय अंधांसाठी असली तरी तिची रचना डोळसांनी स्वतःच्या सोयीने केली होती.

याच शाळेत १८१९ मध्ये लुई ब्रेल हा दहा वर्षांचा मुलगा आला. वडिलांच्या खोगिरे शिवण्याच्या कारखान्यात तीन वर्षांचा असताना टोच्याने डोळ्याला इजा होऊन त्याची दृष्टी गेली होती. शार्ल बार्बिए यांनी सुचविलेली बारा टिंबांची लिपी त्याने निम्म्यावर आणली. सहा टिंबे एका बोटाखाली एकाच वेळी येतात, आणि त्यांच्या त्रेसष्ट जुळण्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे, एवढेच काय संगीतही बसते. वयाच्या पंधराव्या वर्षी ही लिपी तयार झाली आणि १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शाळेने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ मध्ये. म्हणजे ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी. विद्यार्थी ती लिपी आधीपासून आपापसांत वापरीतच होते.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला काढली. मुंबईत १९०० च्या सुमारास अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी काम सुरू केले, आणि १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल उघडले. प्रत्येक शाळेने, प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ब्रेलचे रूपांतर केले आणि त्यामुळे एका शाळेतले पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईना. इंग्रजीतही हा गोंधळ दीर्घकाळ चालला होता आणि तो १९३२ मध्ये मिटला. आपल्याकडे तो मिटण्यास १९५१ साल उजाडले. त्या वर्षी 'भारती ब्रेल' स्वीकारण्यात आली. तिच्या मुळाशी सर क्लुथा मॅकेन्झी यांचेही परिश्रम होते. गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेल्या या न्यूझीलंडच्या गृहस्थांनी भारतातील अंधत्वाविषयी १९४४ मध्ये अहवाल दिला होता आणि पुढे युनेस्कोसाठी जगभरच्या ब्रेल लिप्यांचा मेळ घालण्याचे काम केले.

भारती ब्रेलचे एक वैशिष्ट्य आपणा वडोदेकरांना विशेष जवळचे वाटावे. आपल्या घरात मराठी आणि रस्त्यावर गुजराती. दोहोंची छापील अक्षरे वेगळी. परंतु भारती ब्रेलमध्ये उच्चार एक तर खूण एक. मराठी 'क', गुजराती 'क' आणि हिंदी 'क' यांच्यासाठी पहिले व तिसरे, ही दोनच टिंबे. डोळ्यांनी वाचणाऱ्या आपल्या मुलांना दोन लिप्या शिकाव्या लागतात. बोटांनी वाचणाऱ्या मुलाचे काम एकीवर भागते.

तथापि ब्रेलने शालेय शिक्षणाचा प्रश्न जितका सोडविला, तितका विद्यापीठाचा सोडविला नाही. एका छापील ग्रंथाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात. शाळेला ठरावीक पाठ्यपुस्तके लागतात, विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला शेकडो ग्रंथ चाळावे लागतात. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले अमेरिकी सैनिक सरकारी मदतीने महाविद्यालयात जाऊ लागले, तेव्हा ही अडचण ठळकपणे पुढे आली. १९४८ मध्ये ॲन मॅक्डोनाल्ड यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्वयंसेविका पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून तबकड्यांवर मुद्रित करू लागल्या. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम बारा मिनिटांचा मजकूर मावत असे. अर्थशास्त्राच्या एखाद्या जाड ग्रंथाला किती तबकड्या लागल्या असतील, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. पुढे कॅसेट आल्या आणि हे काम सुकर झाले. आपल्याकडेही अनेक गृहिणींनी आणि निवृत्त शिक्षकांनी दुपारच्या वेळी पुस्तके वाचून कॅसेट भरून दिल्या. ते काम नाव न होता झाले, म्हणून त्याचा उल्लेख येथे मुद्दाम करतो.

खरा पालट संगणकाने झाला. रे कर्झवाइल यांनी १९७६ मध्ये छापील पान पाहून मोठ्याने वाचणारे यंत्र जगापुढे ठेवले. पुढे पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारे कार्यक्रम आले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी 'एन्‌व्हीडीए' हा असा कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध करून देण्यास आरंभ केला. आज तो मराठीही बोलतो.

येथे मराठीच्या लेखकांना व मुद्रकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपले मराठी टंक केवळ दिसायला देवनागरी होते. संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरे आणि खुणाच असत. अशा टंकात जुळविलेला मजकूर बोलणाऱ्या कार्यक्रमाला दिला की त्यातून निरर्थक आवाज बाहेर पडतात. डोळस वाचकाला पान स्वच्छ दिसते, अंध विद्यार्थ्याला त्यातले एक अक्षरही लागत नाही. आपली स्मरणिका, आपल्या प्रश्नपत्रिका, आपली टिपणे युनिकोडमध्ये असतील तर कसलाही खर्च न करता तो अडथळा दूर होतो.

पानाच्या वाटेवर कायद्याचीही एक पायरी होती. पुस्तकाचे ब्रेल किंवा ध्वनिरूप करून वाटणे हा अनेक देशांत स्वामित्वहक्काचा भंग ठरत असे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी असे रूपांतर करण्याची मोकळीक मिळाली. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २४ जून २०१४ रोजी त्याला रीतसर मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. वीस देशांची मान्यता पूर्ण झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो करार अमलात आला. त्याच वर्षी 'सुगम्य पुस्तकालय' हे भारतीय भाषांतील ग्रंथांचे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले.

३. पायरी

इमारतीचा इतिहास पुस्तकाच्या मानाने अलीकडचा आहे. अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाने गेल्सबर्ग येथील एका लष्करी इस्पितळाच्या इमारतींत आपली शाखा उघडली होती. तेथे १९४८ साली टिमोथी न्यूजंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांत युद्धात जायबंदी झालेले सैनिक होते. वर्षभरातच शासनाने ती शाखा बंद करण्याचे ठरविले. तेव्हा विद्यार्थी आपल्या चाकांच्या खुर्च्यांसह राज्याच्या राजधानीत जाऊन निदर्शने करून आले. मुख्य विद्यापीठाने अखेर त्यांना अर्बाना-शँपेन येथे प्रायोगिक तत्त्वावर घेतले. इमारतींना उतार झाले, पन्नाशीच्या दशकात खुर्चीसकट वर उचलून घेणाऱ्या बसगाड्या आल्या. उताराचे प्रमाण किती, दार किती रुंद, याची न्यूजंट आणि त्यांचे विद्यार्थी प्रत्यक्ष मोजमापे घेत. त्यांतूनच १९६१ मध्ये सुगम इमारतींचे पहिले अमेरिकी राष्ट्रीय मानक निघाले. एक फूट चढायचे तर उतार किमान बारा फूट लांब असावा, हा आज जगभर मानला जाणारा नियम त्यात आहे.

न्यूजंट यांची शिस्त कडक होती. विद्यार्थ्याने आपली सर्व कामे आपणच करावीत, खुर्ची दुसऱ्याने ढकलू नये, असा त्यांचा आग्रह असे. ज्यांना हे जमणे शक्य नव्हते, त्यांना या व्यवस्थेत जागा नव्हती. स्वावलंबनाचा हा एक अर्थ झाला.

दुसरा अर्थ कॅलिफोर्नियात घडला. एड रॉबर्ट्स या मुलाला १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले आणि रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालविणाऱ्या मोठ्या नळकांड्यात, झोपावे लागू लागले. शाळेने तर शारीरिक शिक्षण आणि मोटार चालविणे हे विषय पुरे झाले नाहीत, या कारणास्तव त्याचे उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र अडवून धरले होते. त्याची आई झोना हिने भांडून ते मिळविले. १९६२ मध्ये बर्कली येथील विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. वसतिगृहात सुमारे आठशे पौंड वजनाचे ते यंत्र ठेवणे शक्य नव्हते. विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी तोडगा काढला आणि कॉवेल इस्पितळाचा एक कक्ष त्याची खोली झाला. त्याच १९६२ साली जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय तरुण केंद्र शासनाच्या संरक्षणात मिसिसिपी विद्यापीठात पाऊल टाकीत होता, हा योगायोग अमेरिकी इतिहासकारांनी वारंवार नोंदविला आहे.

पाठोपाठ आणखी अपंग विद्यार्थी आले आणि तो कक्ष भरला. ते रात्री एकमेकांशी चर्चा करू लागले. आपण इस्पितळात राहतो, पण आपण आजारी नाही, ही जाणीव त्यांना झाली. त्यांनी स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' असे थट्टेचे नाव घेतले आणि १९७० मध्ये शासकीय अनुदानातून विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांची स्वतःची सेवायोजना सुरू केली. खुर्च्यांची दुरुस्ती, मदतनिसांची यादी, राहण्याजोग्या घरांचा शोध ही कामे विद्यार्थीच पाहू लागले. मदतनीस लागला म्हणून माणूस परावलंबी ठरत नाही. मदत कोणाची, केव्हा आणि कशी घ्यावी हे तो स्वतः ठरवितो की नाही, यावर त्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते, हा स्वावलंबनाचा दुसरा अर्थ त्यांनी मांडला. ज्या पुनर्वसन खात्याने एकेकाळी रॉबर्ट्स कामास अत्यंत अयोग्य म्हणून मदत नाकारली होती, त्याच खात्याचे ते १९७५ मध्ये संचालक झाले.

कायदा यानंतर आला. १९७३ च्या अमेरिकी पुनर्वसन कायद्यातील ५०४ व्या कलमाने शासकीय पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली; पण नियम निघाल्यावाचून ते कलम कागदावरच राहिले. ५ एप्रिल १९७७ रोजी ज्युडी ह्यूमन, किटी कोन आदींच्या नेतृत्वाखाली सॅन फ्रान्सिस्कोच्या शासकीय इमारतीत सुमारे दीडशे अपंग स्त्रीपुरुष ठाण मांडून बसले. औषधे, मदतनीस, झोपण्याच्या सोयी काहीही धड नसताना ते तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथून हलले नाहीत. २८ एप्रिल रोजी मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली.

४. आपल्या देशात

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. लोकसंख्येच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे पहिला सर्वंकष कायदा १९९५ मध्ये झाला. त्याने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखल्या. पण उतार, स्वच्छतागृहे आदी सोयी आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कराव्यात, अशी पळवाटही ठेवली. कुवत नाही, एवढे लिहिले की काम भागे. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारास मान्यता दिली आणि त्यानुसार २०१६ चा नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, उच्च शिक्षणातील राखीव जागा पाच टक्के झाल्या, आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम कराव्यात असे बंधन आले. ती पाच वर्षे २०२२ मध्ये संपली.

१५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांना या तरतुदी पाळण्याचे आदेश दिले आणि प्रत्येक संस्थेत शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी व पालक यांची एक समिती असावी, असे सुचविले. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात, हाताला पेटके येत असलेल्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने सांगितले. अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक रेषेखाली असली तरी वाजवी सोय देण्याचे कर्तव्य सुटत नाही, हा त्या निकालाचा गाभा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, सुगमतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत, असा निर्णय दिला. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ देण्याची तरतूद २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून आहे.

महाविद्यालयांनी स्वतः केलेल्या कामातही दाखविण्याजोगी उदाहरणे आहेत. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र २००३ पासून चालू आहे. तेथे विद्यार्थी स्वतः पाने यंत्रावर घालून वाचतात, आणि त्या अनुभवातून बँका व परीक्षा यांसंबंधीच्या धोरणांपर्यंत त्या केंद्राने पाठपुरावा केला आहे.

५. वेगळी खोली की सगळे ग्रंथालय?

एक प्रश्न येथे प्रामाणिकपणे उपस्थित केला पाहिजे. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक खोली काढावी, तिच्यावर पाटी लावावी, दोन संगणक ठेवावेत, उद्घाटन करावे, एवढ्याने काम झाले काय? बर्कलीचा कक्ष ही सोयच होती, पण तो इस्पितळात होता. अशी खोली आवश्यक असते, कारण मोठ्याने वाचून घेण्यास, बोलून लिहून घेण्यास निवांत जागा लागते. परंतु त्या खोलीची किल्ली शिपायाच्या खिशात असेल आणि बाकीच्या ग्रंथालयात जाण्यास पाच पायऱ्याच असतील, तर ती खोली म्हणजे माझ्या मित्राचा जिन्याजवळचा बाकच आहे. फक्त त्याला रंग दिला आहे.

या बाबतीत आपल्या शहराजवळ एक जुना धडा आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची योजना आखली. खेड्यातला वाचक राजधानीत येऊ शकत नाही, हे गृहीत धरून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव पाठविल्या गेल्या. अपंगांचा विचार त्या योजनेमागे होता, असा माझा दावा नाही. परंतु वाचक पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर दोष वाचकाचा नसून व्यवस्थेचा आहे, हे तत्त्व या भूमीला शंभर वर्षांपूर्वी मान्य होते. खेड्यासाठी जे मान्य केले, ते कुबडीसाठी मान्य करण्यास कसलीच तात्त्विक अडचण नाही.

६. आपल्या शाळेपुरते

आता शेवटचा मुद्दा, आणि तो बोलण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून गुरुजींच्या नावाने नवी अभ्यासिका बांधण्याचे ठरले आहे. महाविद्यालयात गेलेली आपली मुलेही संध्याकाळी तेथे अभ्यासास येतील, ही कल्पना उत्तम आहे. मांडलेला आराखडा मी पाहिला. अभ्यासिका पहिल्या मजल्यावर आहे आणि तळमजल्यावर सत्कार समारंभांसाठी सभागृह आहे. माझी नम्र विनंती आहे की हे दोन्ही उलटे करावे. सभागृहात आपण वर्षातून चार वेळा जमू; अभ्यासिकेत मुले रोज येतील.

खर्चाचा प्रश्न निघेल, म्हणून हिशेब करून आणला आहे. आपल्या प्रवेशद्वाराला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सुमारे पंधरा सेंटिमीटरची. एकूण चढ पंचेचाळीस सेंटिमीटर. एकास बारा या प्रमाणाने उतार पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांब होईल. अंगणात तेवढी जागा आहे. आतील दार नव्वद सेंटिमीटर मोकळे असावे. दोनचार टेबलांना खाली आडवी फळी नसावी, म्हणजे चाकांच्या खुर्चीतील गुडघे आत जातील. वापरता येईल असे स्वच्छतागृह त्याच मजल्यावर असावे. एका संगणकावर मराठी बोलणारा विनामूल्य कार्यक्रम घालावा आणि कानाला लावायची साधने ठेवावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम सुरू करण्यापूर्वी आपल्याच माजी विद्यार्थ्यांतील जे दिव्यांग आहेत, त्यांना आराखडा दाखवून विचारावे. हॉय यांच्या अक्षरांची चूक आपण पुन्हा करू नये.

कोणी म्हणेल, आज शाळेत असा एकही विद्यार्थी नाही, मग हे कोणासाठी? पायऱ्या आहेत म्हणून तो येत नाही, आणि तो येत नाही म्हणून पायऱ्या तशाच राहतात, हे चक्र मी पन्नास वर्षांपूर्वी जवळून पाहिले आहे. शिवाय या सभागृहात बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींकडे पाहिले, तर आणखी दहा वर्षांनी त्या उताराचा उपयोग प्रथम कोणाला होईल, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या त्या मित्राचा पत्ता पुढे लागला नाही. त्याच्यासाठी जो अर्ज त्या वेळी आम्हांला सुचला नाही, तो आज व्यवस्थापक मंडळापुढे तोंडी सादर करतो आहे. लेखी प्रत अध्यक्षांकडे दिलेली आहे.